गॅलापागोसला कोणाचाच हात लागला नाही?

गॅलापागोस बेटांच्या जलसफरीबद्दल जे लिहिलं जातं, त्यात एक शब्द हमखास असतो. मराठीत 'अस्पर्श', उर्दूत 'अछूता'. म्हणजे माणसाचा हात न लागलेली ज्वालामुखीची बेटं, माणसाला न घाबरणारे प्राणी आणि त्यांच्यामधून फिरणारं आरामशीर जहाज. मी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दाचा हिशेब मागणं हे माझं कामच आहे. हा शब्द खोटा आहे. नुसता खोटा असता तर जाहिरातीची अतिशयोक्ती म्हणून सोडून देता आला असता. पण या खोट्यामुळे गुन्हेगार सुटतात, मेहनत करणारे दिसेनासे होतात आणि तिथं राहणारा माणूस घुसखोर ठरतो.

आधी गुन्हेगारांबद्दल. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवरच्या या बेटांवर 1535 साली पनामाचा बिशप वाट चुकून पोहोचला. मग समुद्री चाचे आले, त्यांच्यामागून देवमासे मारणारी जहाजं. इथलं राक्षसी कासव अन्नपाण्याशिवाय अनेक महिने जिवंत राहतं. म्हणून ही कासवं जिवंतच जहाजाच्या तळघरात रचली जात आणि लागतील तशी कापली जात. अशी एक ते दोन लाख कासवं गेली, असा अंदाज आहे. डार्विन 1835 साली पाच आठवड्यांसाठी इथं आला, तेव्हाच ही बेटं 'अस्पर्श' राहिली नव्हती. पिंटा बेटावरच्या कासवांचा शेवटचा वारस, 'लोन्सम जॉर्ज', 2012 साली मेला. त्याला एकटं पाडलं ते माणसांनीच.

माणसांवरचे जुलूमही कमी नाहीत. सान क्रिस्तोबाल बेटावर मानुएल कोबोस नावाच्या मळेवाल्याने उसाच्या मळ्यात कैदी आणि मजूर असे राबवले, की 1904 साली त्यांनीच त्याला ठार केलं. इसाबेला बेटावर 1946 ते 1959 कैद्यांची वसाहत होती. तिथल्या कैद्यांकडून लाव्हाचे दगड उचलवून एक भिंत बांधून घेतली गेली. ती कशालाही अडवत नाही, कशालाही आधार देत नाही. शिक्षा म्हणून बांधवली, एवढंच तिचं प्रयोजन. कित्येक कैदी ते दगड वाहताना मेले. लोक तिला अश्रूंची भिंत म्हणतात. ज्या बेटावर ती उभी आहे, त्याला 'अछूता' म्हणायला जीभ कशी रेटते?

आता मेहनत करणाऱ्यांबद्दल. आज प्रवाशाला जी हिरवळ आणि जी कासवं दिसतात, त्यातलं बरंचसं माणसांनी परत आणलेलं आहे. खलाशांनी आणि वसाहतवाल्यांनी सोडलेल्या शेळ्यांनी बेटं बोडकी केली होती. 1997 ते 2006 या काळात इसाबेला आणि सांतियागो बेटांवरच्या सुमारे दीड लाख शेळ्या माराव्या लागल्या, त्याही मोठ्या प्रमाणात हेलिकॉप्टरमधून. एस्पान्योला बेटावर फक्त 14 कासवं उरली होती. ती तिथून हलवून केंद्रात त्यांची पैदास केली, पिल्लं वाढवली आणि बेटावर नेऊन सोडली. आज तिथं दोन हजारांच्या आसपास कासवं आहेत. ही कित्येक दशकांची नोकरी आहे. 'निसर्गाचा चमत्कार' म्हटलं की ही सगळी हजेरी पुसली जाते.

आणि रहिवासी? चार बेटांवर मिळून सुमारे तीस हजार माणसं राहतात. 97 टक्के जमीन 1959 पासून राष्ट्रीय उद्यानाची आहे. उरलेल्या तुकड्यात त्यांची घरं, शाळा, शेतं. 1998 च्या खास कायद्यापासून खुद्द इक्वेडोरच्या नागरिकालाही इथं मनाला येईल तेव्हा स्थायिक होता येत नाही. त्याच वर्षी सागरी राखीव क्षेत्र झालं आणि मासेमारीवर बंधनं आली. सांता क्रूझच्या मुख्य गावात नळाला मचूळ पाणी येतं, प्यायचं पाणी वेगळं घ्यावं लागतं. बेटं जपण्याची किंमत हे लोक रोज मोजतात. पण सफरीच्या वर्णनात ते बाजाराच्या फोटोपुरते येतात, किंवा 'वाढत्या लोकसंख्येचा धोका' म्हणून.

यावर उत्तर ठरलेलं आहे: पर्यटकांच्याच पैशावर संवर्धन चालतं. यात तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. परदेशी पाहुण्याचं प्रवेशशुल्क ऑगस्ट 2024 मध्ये 100 डॉलरवरून 200 डॉलर झालं. सफरीचे नियमही कडक आहेत: जहाजावर जास्तीत जास्त 100 प्रवासी, एका परवानाधारक वाटाड्यामागे 16 माणसं, प्राण्यापासून दोन मीटर अंतर. हे चांगलेच आहे.

पण 2023 साली तीन लाखांहून जास्त पाहुणे आले, म्हणजे रहिवाशांच्या दहापट. त्यांच्यासाठी इंधन, धान्य, भाजी मुख्य भूमीवरून येते आणि मालाबरोबर किडे, बिया, रोगही येऊ शकतात. फिंच पक्ष्यांची पिल्लं घरट्यातच मारणारी परजीवी माशी अशीच बाहेरून आली. त्यांच्या सेवेसाठी हात लागतात, म्हणूनच वस्ती वाढते. 2007 साली युनेस्कोने ही बेटं धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकली, तेव्हा कारणांमध्ये बेसुमार पर्यटनही होतं. तीन वर्षांनी ती यादीतून निघाली, कारणं मात्र निघाली नाहीत. रहिवाशाला कायद्याने मोजायचं आणि पाहुण्याला शुल्क घेऊन सोडायचं, हा न्याय एकतर्फी आहे. वस्तीला मर्यादा असेल, तर एकूण पाहुण्यांनाही हवी.

जाऊ नका, असं मी म्हणत नाही. ज्याला परवडतं त्याने जावं. पण कासवाचा फोटो काढून झाला की वाटाड्याला विचारावं: हे कासव इथं कोणी परत आणलं? तुमच्या घरी पाणी कुठून येतं? आणि परत येऊन मराठीत, उर्दूत लेख लिहायला बसाल, तेव्हा 'अस्पर्श' हा शब्द खोडा. 'सांभाळलेली' असं लिहा, आणि कोणी सांभाळली तेही लिहा.