सुटकेनंतरचे पहिले महिने

विशेष गृहातून मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. वस्तीतली कुजबुज मात्र तेव्हाच सुरू होते. शाळा सुटलेली, जुने साथीदार नाक्यावर हजर, आणि घरात उठताबसता टोमणे.

आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. थराराची ओढ त्याआधीच जोर धरते आणि टोळक्यात ती आणखी वाढते. म्हणून गुन्हा क्षम्य ठरत नाही. पण याच वयात मेंदू नव्या सवयीही पटकन उचलतो, त्या कुणाच्या संगतीत, एवढाच प्रश्न उरतो.

बाल न्याय कायदा, 2015 याबाबत बराच समंजस आहे. गंभीर गुन्ह्यांतील काही अपवाद सोडले, तर कलम 24 नुसार बालपणीचा गुन्हा पुढे अपात्रता ठरत नाही. निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नाही, असे कलम 74 सांगते. पण काम देणारा कायदा वाचत नाही. तो शेजाऱ्याला विचारतो.

त्यामुळे शाळेशी किंवा आयटीआयशी बोलणे सुटकेच्या आधीच व्हायला हवे. उपचारांचेही तसेच. व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्युशन हुंगण्याची सवय गृहात तुटते, ती बंदोबस्तामुळे. गल्लीत परतल्यावर तलफ पुन्हा उसळते. सुटकेच्या आदेशासोबत जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाची तारीखही मुलाच्या आणि आईवडिलांच्या हाती पडली पाहिजे.