ए ते झेड आणि पुन्हा ए

'झिरो ए.डी.' हा प्राचीन साम्राज्यांच्या लढायांवरचा संगणकावरचा डावपेचांचा खेळ. 2001 साली कल्पना निघाली तेव्हा 'एज ऑफ एम्पायर्स 2' या गाजलेल्या खेळातच फेरफार करायचा बेत होता. पुढे तो बेत बदलून स्वतंत्र खेळच उभारायचे ठरले. हा खेळ बनवणाऱ्यांचे 'वाइल्डफायर गेम्स' हे नाव कंपनीसारखे वाटते. प्रत्यक्षात ती जगभर विखुरलेल्या हौशी स्वयंसेवकांची मंडळी आहे. खेळाच्या नावाचा अर्थ इसवी सन शून्य, पण इसवी सनात शून्य साल नाहीच, इसवी सनपूर्व 1 नंतर थेट इसवी सन 1 येते. जी साम्राज्ये आपापल्या भरात असताना एकमेकांसमोर कधी आलीच नाहीत, त्यांची गाठ या नसलेल्या सालात पडते.

जुलै 2009 मध्ये मंडळींनी खेळाचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, सर्वांसाठी खुला केला. ऑगस्ट 2010 मध्ये पहिली अल्फा, म्हणजे कच्ची आवृत्ती आली. आवृत्त्यांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने, बहुतेक वेळा प्राचीन जगातले, नाव द्यायची प्रथा पडली. पहिली 'आर्गोनॉट', दहावी 'झेलम', तेरावी 'मगध', सोळावी 'पतंजली'. 2022 साली सव्विसावी 'झुआंगझी' आली आणि अक्षरे संपली. जानेवारी 2025 मध्ये सत्ताविसावी आली ती पुन्हा 'ए'पासून, नाव 'अग्नी'. एवढी वर्षे लोटली तरी 'अल्फा' हा शब्द तेव्हाही सुटलेला नव्हता.

इतका वेळ का लागतो, हे पडद्यावरून कळत नाही. मंदिरे, घोडेस्वार, पाण्यावरची चमक ही चित्रे लवकर तयार होतात आणि प्रगतीच्या अहवालात तीच उठून दिसतात. खरे काम आत असते. खेळणारा चाळीस सैनिक निवडतो आणि जंगलापलीकडच्या वेशीवर क्लिक करतो. प्रत्येकाला वाट शोधायची असते, झाडे चुकवायची असतात, शेजाऱ्याच्या अंगावर न जाता वेशीतून आत शिरायचे असते. वाटेत कोणी भिंत बांधली की सगळा हिशेब नव्याने. सैन्य शेकड्यांत गेले की याच हिशेबाने खेळ अडखळू लागतो. वाट शोधणारा हा भाग 2015 साली मुळापासून नव्याने बसवला गेला. त्यात नवे दाखवण्यासारखे चित्र एकही नव्हते, पण अशा खेळाचा प्राण तिथेच असतो.

दुसरे अवघड काम अनेकांनी मिळून खेळण्याचे. हजारो सैनिकांची जागा दर क्षणी इंटरनेटवरून पाठवणे परवडत नाही, म्हणून फक्त हुकूम पाठवले जातात आणि प्रत्येक संगणक तीच लढाई आपल्यापाशी स्वतंत्रपणे लढतो. निकाल सगळीकडे तंतोतंत सारखा यावाच लागतो. दशांश चिन्हापुढची आकडेमोड दोन संगणकांवर किंचित वेगळी झाली, तर एकाच्या पडद्यावर मेलेला सैनिक दुसऱ्याकडे जिवंत राहतो. खेळणारे याला 'आउट ऑफ सिंक' म्हणतात. ते टाळायला दशांश स्थळे आधीच पक्की ठरवून सारे गणित करावे लागते.

पैशाची बाजू कायम लंगडी राहिली. 2013 साली लोकवर्गणीतून 1,60,000 डॉलर उभारायचे ठरवले होते, जमले सुमारे 33,000. नोकरी-शिक्षण सांभाळून संध्याकाळी काम करणाऱ्यांवरच भिस्त राहिल्याने वेग सारखा नसतो. तेविसावी आवृत्ती मे 2018 मध्ये आली, चोविसावीला फेब्रुवारी 2021 उजाडले. मात्र कोड खुला असल्यामुळे एखादा थकून बाजूला झाला तरी त्याचे काम वाया जात नाही. बंद दाराआडचा खेळ एवढ्या खंडानंतर उठला नसता.

खेळात मौर्य साम्राज्यही आहे. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य त्याचे नायक. इतरांना लाकूड जमा करायला जंगलाजवळ कोठार बांधावे लागते. मौर्यांचा कामकरी हत्ती हेच चालते कोठार असते. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींसाठी खेळ फुकट मिळतो. रस असलेल्यांनी पहिला डाव मौर्यांचा मांडावा आणि तो हत्ती जंगलाकडे पाठवून पाहावा.