बिघडले कुठे?

हल्ली गाण्याची आवड असलेल्या पुष्कळ घरांत हार्मोनियमच्या शेजारी एक लहानशी डबी दिसते. माइकमधून आलेला आवाज आकड्यांत बदलून ती यूएसबीच्या वायरने संगणकाला पोचवते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ती नीट चालते तोवर कुणी तिच्याकडे पाहत नाही. रुसली की घरातला प्रत्येक जण इंजिनिअर होतो आणि एकदम चार बटणे फिरवली जातात!

मंडळी, या डबीची काही दुखणी मागाहून बरी होतात, काही कधीच होत नाहीत. हा भेद मला मोखाड्याला कळला.

भातकापणीपासून दिवाळीपर्यंत तिकडल्या पाड्यांवर तारपा घुमतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांचे हे वाद्य. वाजवणारा फुंकर तुटू देत नाही. गालांतली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेतो. माझा भाचा एका वृद्ध तारपकऱ्याचे वादन मुद्रित करीत होता. बाबांचा दम आता पूर्वीचा राहिला नव्हता. पुन्हा पुन्हा वाजवा म्हणायची सोय नव्हती.

आधी गुणगुण ऐकू आली. भाच्याने लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली. विजेचा ५० हर्ट्‌झचा घुमारा त्या वाटेने आत येत होता. मग मधूनच टकटक. डबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला जोडली. थोडी टकटक उरली, तेव्हा बफर ६४ वरून २५६ वर नेला. एका वेळी एकच बदल, म्हणून दोष कुठला ते कळत गेले.

वादन झाले. मोबाइलवर ऐकून बाबांनी मान हलवली : हा तर कुणाचा तरी दुसराच, मोठा तारपा! डबीच्या हेडफोनमध्ये मात्र सूर बरोबर. डबी सेकंदाला ४८,००० नमुने घेत होती आणि फाइलवर नोंद होती ४४,१००ची. त्यामुळे मोबाइलवर मिनिटाची ६५ सेकंदे झाली आणि सूर हार्मोनियमच्या जवळजवळ दीड पट्टीने खाली उतरला. नोंद सुधारली, बाबांचा तारपा परत आला. एकही स्वर हरवला नव्हता.

टकटकीचे तसे नाही. तिथे नमुनेच गळालेले असतात. आवाज लाल दिव्यापर्यंत चढला, तर त्याचा माथा कापला जातो; तोही परत येत नाही.

म्हणून आजीच्या ओव्या किंवा आजोबांचे भजन मुद्रित करायचे असेल, तर आधी मिनिटभर चाचणी घ्यावी. लॅपटॉप बॅटरीवर ठेवावा, डबी थेट जोडावी, लाल दिवा लागू देऊ नये. चाचणी दुसऱ्या यंत्रावर, घड्याळ लावून ऐकावी. आणि पहिल्याने ऐकवावी ती गाणाऱ्याला. आपला सूर त्याच्याइतका कुणाच्या ओळखीचा असणार?