हॉटेलातली दुसरी खाट



ऊस आणि साखरेच्या परिषदा बहुधा पुण्याकडेच भरतात. १९३६ साली स्थापन झालेली साखर तंत्रज्ञांची डेक्कन संघटना पुण्याची, आणि मांजरीला १९७५ साली सुरू झालेली, आज वसंतदादांचे नाव लावणारी शुगर इन्स्टिट्यूटही तिकडचीच. सातारा-सांगलीकडच्या आम्हा शेती खात्यातल्या मंडळींना त्यासाठी जावे लागते. परिषद मोठ्या हॉटेलात असली की मुक्कामही तिथेच पडतो. मग गटात कुणीतरी विचारतेच, "काय साहेब, आमच्या उसावर गाद्या-गिरद्या का?"

प्रश्न रास्त आहे. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनास ३,४०० रुपये होती. म्हणजे सहा-सात हजारांची खोली घेतली, तर एका रात्रीत दोन टन ऊस झोपेत गेला.

तरीही आमचे मत असे की मुक्काम तिथेच करावा. लांबच्या स्वस्त लॉजवर उतरलेला माणूस संध्याकाळ झाली की रिक्षा शोधायला लागतो, आणि खरी परिषद त्यानंतरच सुरू होते. व्यासपीठावर सगळे इंग्रजीतून आणि सगळे यशस्वी! काय फसले ते कुणी सांगत नाही. ते कळते रात्री, हातात जेवणाचे ताट घेऊन उभे असताना, आणि तेही चांगल्या मराठीत.

हुमणीचेच घ्या. वळवाच्या चांगल्या सरी झाल्या की भुंगेरे तिन्हीसांजेला कडुलिंबा-बाभळीवर येतात, एकेक मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते, म्हणून झाडे हलवून भुंगेरे गोळा करा व रॉकेलच्या पाण्यात टाका. हे आपल्याला पाठ आहे. पण एका गावाने झाडे हलवली आणि बांधापलीकडचे गाव झोपले, तर काय? एका सहकाऱ्याने जिन्यात उभ्या उभ्या सांगितले, की त्यांनी भुंगेऱ्यांना किलोवर दर लावला आणि पोरांना दुसऱ्या दिवशी सकाळी गट ऑफिसात रोख पैसे दिले. जिथे नुसती चिठ्ठी दिली, तिथे पोरे पुन्हा फिरकली नाहीत. हे कुठल्या निबंधात छापून येणार?

आता आमची सूचना. खोलीत खाटा दोन असतात, आणि भाडे एकट्याला काही निम्मे पडत नाही. दुसऱ्या खाटेवर एक ऊस उत्पादक सभासद असावा. परिषदेची फी वेगळी भरावी लागेल, ती भरावी. त्याला तिथले काय कळणार, असे म्हणणाऱ्यांनी पाडेगावला यावे. १९३२ पासूनचे ते ऊस संशोधन केंद्र आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे. तिथे शिवार बघायला गेलेले सभासद खोडव्यावरून शास्त्रज्ञांना कसे धरतात, ते आम्ही पाहिले आहे. आम्ही विचारायला संकोचतो ते हे लोक सरळ विचारतात.

परत आल्यावर दोघांनी मिळून गटागटात बसून सांगावे, खर्चाच्या पावतीसकट. आणि सभासदाची निवड गटवार चिठ्ठी टाकून व्हावी. संचालकांच्या पै-पाहुण्यांतून नको. हे छापून आल्यावर आम्हाला केबिनमध्ये बोलावणे येईल, तर येऊ दे.