पाटी आणि खतावणी

सीमाभागात भाषेची चर्चा बहुधा दुकानाच्या पाटीपाशी सुरू होते आणि पाटीपाशीच संपते. 2024 साली कर्नाटकाने कायदेदुरुस्ती करून पाटीवरील 60 टक्के जागा कन्नडसाठी बंधनकारक केली, तेव्हापासून उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी अक्षर कसे बसवावे याचा खल बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारपेठांत चालू आहे. ही चर्चा अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पाटी हा दुकानदाराचा चेहरा असतो आणि चेहरा झाकला गेल्याची वेदना खरी असते. परंतु पाटीच्या आत, गल्ल्याशेजारी जी वही असते, टेबलाच्या खणात जे करारपत्र पडलेले असते, त्याची भाषा कोणती आणि ती मालकाला कितपत कळते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आपल्या लहान उद्योजकाचे भवितव्य पाटीपेक्षा या कागदांवर अधिक अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी उद्यमबागेतील एक लघुउद्योजक माझ्याकडे आले. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, चार कामगार एवढाच पसारा. एका मोठ्या कंपनीला त्यांनी सुटे भाग पुरवले होते आणि अकरा महिने पैसे अडकले होते. पर्चेस ऑर्डर वाचली तर 120 दिवसांची मुदत, आणि तीही ‘गुणवत्ता मान्य झाल्यानंतर’. मी विचारले, सही करण्यापूर्वी हे वाचले नव्हते काय? ते म्हणाले, “वकीलसाहेब, कागद इंग्रजीत होता, पण काम तर आम्ही मराठीतच बोललो होतो.” या एका वाक्यात आपल्या शेकडो कारखानदारांची अवस्था सामावली आहे.

कायदा त्यांच्या बाजूने होता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या 2006 च्या अधिनियमातील कलम 15 प्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांपलीकडे रोखता येत नाहीत. करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे कायदा मानतो. मुदत टळली की कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. कलम 18 प्रमाणे सुकरता परिषदेकडे दाद मागता येते. आणि निवाडा विरुद्ध गेला तर खरेदीदाराला 75 टक्के रक्कम जमा केल्याशिवाय तो न्यायालयात उलटवून घेता येत नाही. म्हणजे ज्या 120 दिवसांच्या अटीला ते घाबरले होते, तिला कायद्यापुढे किंमत नव्हती.

तथापि माल दिला त्या वेळी त्यांची उद्यम नोंदणी झालेली नव्हती. नंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला मिळतो की नाही, हा न्यायालयांतील वादाचा विषय आहे, आणि चार कामगारांचा पगार त्या वादाच्या निकालापर्यंत थांबणारा नव्हता. अखेर त्यांनी व्याजावर पाणी सोडले, मुद्दलातही थोडी सूट दिली आणि तडजोड केली. तोवर एक चांगला कामगार सोडून गेला होता. नोंदणीला एक पैसा पडला नसता. ती करायची असते हेच त्यांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितले नव्हते.

लहान उद्योग मूल्य निर्माण करतो म्हणजे नेमके काय करतो? फौंड्रीतून येणारे कास्टिंग किलोवर विकले जाते. तेच लेथवर चढते, मापात येते, तपासले जाते आणि मग नगावर विकले जाते. किलोचा भाव आणि नगाचा भाव यांतील अंतर म्हणजे त्या कारखान्याचे कर्तृत्व. त्यात मशीनचा घसारा आहे, वीज आहे, कामगाराचा हात आहे. पण सर्वांत मोठा वाटा भरवशाचा आहे. शंभरावा नग पहिल्या नगासारखाच निघेल आणि सांगितलेल्या दिवशीच पोचेल, या भरवशासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. या भरवशाला मराठीत एक नेमका शब्द आहे : पत. ज्याची पत आहे त्याला कच्चा माल उधार मिळतो, उधारीवर धंदा फिरतो आणि फिरत्या धंद्यातून भांडवल उभे राहते. पत माणसाच्या वागण्यातून येते हे खरे. परंतु आजच्या काळात ती कागदावर उतरली नाही तर बँकेच्या दारात तिला मोल नसते.

ती कागदावर उतरवण्याची भाषा आपल्याकडे होती. कीर्द, खतावणी, जमा, नावे, येणे, देणे, हुंडी, अडत, उचल, धनको, ऋणको, जामीन हा शब्दसंभार पिढ्यान्‌पिढ्या पेढ्यांवर वापरला गेला, त्यातला कितीतरी मोडीत लिहिला गेला. त्याला भाषिक सरहद्द ठाऊक नव्हती. बेळगावच्या दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते आणि धारवाडच्या दुकानात ‘इंदु नगदु, नाळे उद्री’ अशी. उधारीची उद्री झाली आणि जमा, बाकी, खर्च हे शब्द दोन्ही भाषांत नांदले. बाजाराने भाषांना एकमेकींशी भांडायला लावले नाही, देवघेव करायला लावली. आज मात्र संगणकावरील हिशेब इंग्रजीत, नगरपालिकेचा कागद कन्नडमध्ये आणि मालकाचा विचार मराठीत, अशी तिहेरी ओढाताण आहे. मधल्या खिंडीत सल्लागार उभा असतो आणि मालक त्याने बोट ठेवलेल्या जागी सही करतो.

उद्योग आणि भाषा यांचे नाते किती फलद्रूप होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान काढले. तेथून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासेल ही शेतकऱ्याची धास्ती. नांगर विकण्याआधी ती दूर करावी लागली आणि ती शेतकऱ्याच्या बोलीतच दूर होऊ शकत होती. पुढे नगरपालिकेला जागा हवी झाली, बेळगाव सोडावे लागले आणि 1910 मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने काय गमावले, हे सांगायला नको.

याच कारखान्यातून 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेल्या त्या अंकातून मराठीतील एक नामांकित मासिक घडले, आणि मागून ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके आली. नांगर करणाऱ्या कारखान्याने मराठी गद्य समृद्ध केले. आणि याच घराण्याने 1941 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रांचा कारखाना काढला. मराठीत विचार करणे आणि कन्नड मुलखात उद्योग करणे यांत त्यांना विरोध वाटला नाही.

पतीच्या संघटनेचा इतिहासही आपल्याला परका नाही. वडोदऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी मध्यमवर्गीयांनी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने 1889 मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. भारतातील नागरी सहकाराचा तो आरंभ मानला जातो. 1904 च्या कायद्याखालील पहिली ग्रामीण पतसंस्था 1905 मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावी कन्नड शेतकऱ्यांनी काढली. परमुलखातील मराठी माणूस आणि शेजारचा कन्नड माणूस, दोघांनी जवळजवळ एकाच काळात एकच गोष्ट ओळखली : एकट्याला पत नसते, ती एकमेकांच्या भरवशावर उभी करावी लागते.

त्या भरवशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 प्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘नुसती सही हवी’ म्हणून मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या आणि नंतर स्वतःच्या घरावर जप्ती आलेल्या किती जणांची कागदपत्रे मी पाहिली आहेत, त्याची मोजदाद नाही. त्यांतील बहुतेकांनी ज्या कागदावर सही केली, तो त्यांना वाचता येत नव्हता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की धंद्याला भाषा नसते, गिऱ्हाईकाची भाषा तीच दुकानदाराची. हे अर्धे खरे आहे. विक्रीची भाषा गिऱ्हाईकाची असावी, आणि म्हणून आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे, त्यात कमीपणा नाही. पण जोखमीचा निर्णय माणूस ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत घेतो. तेथे अर्धवट समजलेला शब्द घरादारावर बेतू शकतो. दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येईल : वहीखात्याच्या गोष्टी काढल्या की सीमालढ्याची धार बोथट होते. मला उलट वाटते. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर मराठी माणसाचा कारखाना बुडाला, दुकान विकले गेले, मुले पुण्याला निघून गेली, तर त्या निकालाचा लाभ घ्यायला येथे उरणार कोण?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. आपल्या मराठी पतसंस्थांनी कर्ज आणि जामीन यांच्या प्रत्येक कागदासोबत मराठीत एक पानाचा गोषवारा द्यावा, त्यावर कर्जदाराची व जामीनदाराची सही घ्यावी. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. दुसरे, कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांनी दरवर्षी एक सत्र लहान उद्योजकांसाठी ठेवावे : पर्चेस ऑर्डर कशी वाचावी, चलनावर पोच कशी घ्यावी, उद्यम नोंदणी कशी करावी. ज्या भाषेत कविता होते तिच्यात करारही समजावून सांगता येतो, हे व्यासपीठावरून दिसू द्यावे. तिसरे, संविधानाच्या अनुच्छेद 350 ने गाऱ्हाणे मांडताना संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. वीज, पाणी, परवाना यांविषयीची निवेदने आपल्या उद्योजकांनी मराठीत द्यावीत आणि त्यांची पोच जपून ठेवावी. हक्क वापरला नाही तर तो पुस्तकातच राहतो.

उद्यमबागेतील ते गृहस्थ आजही भेटतात. आता त्यांच्या टेबलाच्या काचेखाली 45 दिवस, 15 दिवस, नोंदणी क्रमांक असा एक कागद ठेवलेला असतो, मराठीत, त्यांच्या मुलीच्या अक्षरात. नवी ऑर्डर आली की आधी ते तो कागद वाचतात, मग सही करतात.