पॉइंटचं सोवळं

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीला मी माझी बुलेट घेऊन गेलो होतो. १९७९ची, साडेतीनशे सीसी, मद्रासला बनलेली आणि तेव्हाच बोटीने इंग्लंडला आलेली. हॉलच्या पार्किंगमध्ये नेहमीसारखा घोळका जमला. पोरं सीटवर बसून फोटो काढत होती. तेवढ्यात आपल्यातलेच एक गृहस्थ, ज्यांच्या गॅरेजमध्ये स्वतःचीही एक बुलेट आहे, इंजिनाच्या उजव्या अंगाला वाकून म्हणाले, "पॉइंट आहेत ना अजून?"

"नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय."

उकडीच्या मोदकात चीज भरलंय असं ऐकल्यावर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला. "मग उरलं काय त्यात?" ते म्हणाले आणि निघून गेले.

आरतीची वेळ झाली होती, म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो. आणि हे उत्तर त्यांच्या एकट्यासाठी नाही. तुमच्या गॅरेजमध्ये चादरीखाली एखादी बुलेट, जावा, येझदी किंवा ट्रायम्फ असेल, तिचा प्रत्येक नटबोल्ट 'ओरिजिनल' असल्याचं तुम्ही पाहुण्यांना सांगत असाल, आणि ती गाडी रस्त्यावर येऊन दोन उन्हाळे लोटले असतील, तर हे तुमच्यासाठीही आहे.

आधी भांडण कशावरून आहे ते नीट पाहू. जुन्या गाडीत बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून फिरत असतो. इंजिनाबरोबर फिरणारा एक छोटा कॅम योग्य क्षणी दोन धातूचे ठिपके एकमेकांपासून दूर करतो. प्रवाह तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्या धक्क्यातून प्लगवर ठिणगी पडते. ते दोन ठिपके म्हणजे पॉइंट. ते उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर. पॉइंटची टाच कॅमवर घासत राहते, झिजते, फट कमी होते, आणि ठिणगी हळूहळू उशिरा पडायला लागते. म्हणून दर काही महिन्यांनी फीलर गेज घालून फट लावायची, ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक संचात कॅमच्या जागी चुंबक फिरतो, एक सेन्सर तो ओळखतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. घासणारं काहीच नाही, त्यामुळे झिजणारंही काही नाही. कॉइल तशीच, प्लग तसाच, ठिणगीही तीच. बदललं ते एक बटण. एवढ्यावरून गाडीचा आत्मा गेला असं म्हणायचं असेल, तर आत्मा फारच लहान होता.

आता 'ओरिजिनल' या शब्दाकडे वळू. कुठलं ओरिजिनल? बुलेट हे नाव १९३२ सालचं. त्याच वर्षी लंडनचं महाराष्ट्र मंडळही सुरू झालं. दोघांपैकी एकही आज तेव्हासारखं दिसत नाही, आणि त्याबद्दल कोणी रडत नाही. आपण ओळखतो ती बुलेट १९४९ची. रेडिचच्या कारखान्यात ती मॅग्नेटोवर चालायची. पुढे रेडिचनेच साडेतीनशेला मॅग्नेटोवरून बॅटरी आणि कॉइलवर आणलं. म्हणजे ज्या पॉइंटचं सोवळं आपण पाळतो, तीच त्या काळातली सुधारणा होती! १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. आधी इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडायचे, मग सगळं तिरुवोत्तियूरलाच बनू लागलं. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि दहा वर्षांनी, १९७७ साली, मद्रासच्या बुलेट उलट्या इंग्लंडला यायला लागल्या. अशा गाडीला तुम्ही शुद्धतेचे नियम लावता? आणि शेवटी कारखान्यानेच पॉइंट सोडले. तिकडे सांगलीत माझा चुलतभाऊ सेल्फ स्टार्टची, फ्युएल इंजेक्शनची बुलेट चालवतो. मी पॉइंटवरून किती रात्री वाया घालवल्या हे सांगितलं तर तो हसतो. गाव पुढे गेलं, आणि आपण इथे निघतानाच्या दिवशीचं गाव जपत बसलोय.

बरं, तुम्ही टाकीत ओतता ते पेट्रोल तरी ओरिजिनल आहे का? शिसं घातलेलं पेट्रोल इथे २००० सालापासून मिळत नाही. सप्टेंबर २०२१पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई-१० झालंय, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. त्याने जुने रबरी पाइप आणि वॉशर खराब होतात, म्हणून तुम्ही ते निमूटपणे बदललेत. टायर बदललेत, तेल बदललंत. आणि आज दुकानातून जे 'ओरिजिनल' पॉइंट आणता, ते तरी १९७९चे असतात का? गेल्या वर्षी कुठेतरी बनलेली ती नक्कल असते. त्यातला कंडेन्सर किती दिवस टिकेल याची हमी नसते, पण डबीवर जुनं चित्र असतं. आपल्याला तेवढं पुरतं.

मीही त्याच सोवळ्यातला होतो. तीन वर्षं पॉइंटच ठेवले होते. कारण सांगतो, मग तुम्हाला हसता येणार नाही. बुलेट सुरू करायला मला काकांनी शिकवलं, सांगलीत, त्यांच्या वाड्यासमोर. किल्ली फिरवायची, किक हळूच दाबत न्यायची आणि हेडलाइटवरच्या अँपियरच्या काट्याकडे बघायचं. पॉइंट मिटलेले असताना काटा डावीकडे झुकतो. उघडले की मध्ये येतो. काटा मध्ये आला की थांबायचं, डीकॉम्प्रेशनचा लीव्हर ओढून किक आणखी जराशी पुढे न्यायची, लीव्हर सोडायचा आणि मग एकच पूर्ण किक. "घाई केलीस तर उलटी मारेल, घोटा जाईल," काका म्हणायचे. त्या काट्यात माझे काका होते. तो काटा पॉइंटमुळे हलतो. पॉइंट गेले की ती खूण गेली. इलेक्ट्रॉनिक संच बसवल्यावर पहिल्यांदा किल्ली फिरवली, किक दाबली, आणि काटा आपला जागच्या जागी. मला वाईट वाटलं, आणि ते मी लपवत नाही.

पण त्याआधी काय झालं तेही ऐका. ऑक्टोबरमधली संध्याकाळ, बर्मिंगहॅमहून रेडिचकडे जाणारा ए ४४१, मागे माझी सतरा वर्षांची मुलगी. एका राउंडअबाउटमध्ये शिरलो आणि इंजिन बंद. मिसफायर नाही, खोकणं नाही, सरळ बंद. मागच्या लॉरीने ब्रेक मारला. त्या ब्रेकचा आवाज मला अजून ऐकू येतो. सहा व्होल्टचा मागचा दिवा, तो लॉरीवाल्याला कितपत दिसला असेल? आम्ही गाडी ढकलत गवतावर नेली. वीस मिनिटांनी इंजिन गार झालं आणि पहिल्या किकला सुरू झालं, जणू काही झालंच नाही. कंडेन्सर. तापला की दगा देणारा, गार झाला की साळसूद. वर्षभरात बसवलेला तो तिसरा होता. घरी येईपर्यंत मुलगी एक शब्द बोलली नाही. नंतर म्हणाली, "बाबा, ही गाडी तुम्हाला चालवायची आहे की आठवायची आहे?"

यावर मला उत्तर सुचलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, पॉइंट रस्त्यात दुरुस्त होतात, डबा जळला की गाडी टेम्पोत घालावी लागते. हा तुमचा सर्वात खरा मुद्दा, आणि मी तो मान्य करतो. सांगली-मिरज रस्त्यावर गाडी बंद पडली तर काका तिला ढकलत पुढच्या चौकात न्यायचे. तिथे मिस्त्री असायचाच. तो पॉलिश पेपरच्या तुकड्याने पॉइंट घासायचा, अंदाजाने फट लावायचा, चहाच्या पैशांत काम व्हायचं. पण नीट पाहा, तिथे फक्त पॉइंट नव्हते. पॉइंट होते, मिस्त्री होता, चौक होता, आणि गाडी ढकलायला दोन अनोळखी पोरं होती. त्या सगळ्याची मिळून ती व्यवस्था होती, आणि तिथे ती उत्तम होती. आपण तिच्यातले फक्त पॉइंट बोटीने आणले. ए ४४१वर चौक नाही, मिस्त्री नाही. गॅरेजवाला तासावर पैसे घेतो, आणि त्याच्याकडच्या तरुण पोराने पॉइंट फक्त चित्रात पाहिलेत. तिथे जे शहाणपण होतं ते इथे हट्ट होतं. भाग तोच आहे, जागा बदलली.

दुसरा आक्षेप: आज इग्निशन, उद्या डिस्क ब्रेक, परवा इंजिनच नवं. थांबायचं कुठे? मी तीन प्रश्न विचारतो. बदल उलटा फिरवता येतो का? म्हणजे कुठे भोक पाडलं नाही, काही कापलं नाही ना? गाडी चालवताना हात, पाय आणि कान जे काम करतात, ते तेच राहतं का? आणि या बदलाने गाडी जास्त बाहेर निघेल का? इग्निशन तिन्ही प्रश्नांत पास होतं. माझ्या गाडीला अजून किकच आहे, गिअर अजून उजव्या पायात आहे, ब्रेक ड्रमचेच आहेत आणि पावसात ते पूर्वीइतकेच विचार करून लागतात. इथल्या सरकारने २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटी माफ केली. गाडीत मोठे फेरफार नसावेत एवढीच अट. इग्निशन बदलल्याने गाडीचं जुनेपण गेलं असं सरकारलाही वाटत नाही. वाटतं ते आपल्यालाच.

अपवाद आहेत, आणि ते मी पाळतो. कारखान्यातून निघाल्यापासून ज्या गाडीला कोणी हात लावलेला नाही, रंगसुद्धा पहिलाच आहे, तिला हात लावू नका. मॅग्नेटोवरची रेडिचची जुनी बुलेट असेल तर तो मॅग्नेटो चांगल्या कारागिराकडून गुंडाळून घ्या. त्याला बॅटरीही लागत नाही. पण माझी आणि बहुधा तुमचीही गाडी हजारोंच्या संख्येने बनली, चार मालकांच्या हातून गेली, तीनदा रंगली. तिला संग्रहालयाचे नियम लावून आपण फक्त स्वतःला मोठं करतो.

उलट बाजूच्या मंडळींनाही एक बोल लावायचा आहे. इलेक्ट्रॉनिक डबा म्हणजे जादू नव्हे. कुजलेल्या वायरिंगवर तो बसवलात तर आधी होता तोच त्रास महागात विकत घ्याल. मी आधी गाडी बारा व्होल्टवर नेली: बॅटरी, रेग्युलेटर, कॉइल, बल्ब, हॉर्न. मग सगळं वायरिंग नवं केलं. फ्रेमला हौसेने पावडर कोटिंग करून घेतलं होतं, त्यातून वीज जात नाही. म्हणून अर्थिंगच्या जागा खरवडून धातू उघडा केला. प्लगला पाच किलोओहमची रेझिस्टर कॅप लावली, नाहीतर ठिणगीच्या गोंगाटाने डबा भांबावतो. टायमिंग स्ट्रोब लाइटने तपासलं. पैशापेक्षा शनिवार जास्त गेले. आणि बॅटरीकडे दुर्लक्ष चालणार नाही, कारण दाब फार खाली आला की काही संच टायमिंग चुकवतात.

काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि वजनांचं अ‍ॅडव्हान्स युनिट तेलाच्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. आत एक कागद आहे: फट किती, टायमिंग किती, काट्याकडे कसं बघायचं. शेवटची ओळ मराठीत आहे, काकांच्या शब्दांत. पुढच्या मालकाला हवं असेल तर एका दुपारीत सगळं परत बसवता येईल.

त्या दिवसापासून गाडी पावसाळी इंग्लंडमध्ये दोन हजार मैलांच्या वर फिरली. मुलगी आता स्वतः किक मारते. काट्याची खूण नाही, म्हणून तिने नवी शोधलीय. डोळे मिटते, पायाखाली कॉम्प्रेशन घट्ट लागलं की थांबते, लीव्हर ओढते. काकांनी तिला हे शिकवलेलं नाही. मीही नाही.

तर ते गृहस्थ, आणि तुम्ही सगळे. 'मग उरलं काय' याचं उत्तर हवं असेल तर येत्या गणपतीला तुमचीही गाडी घेऊन या. पॉइंटवर चालत असेल तर पॉइंटवर या, मला आनंदच आहे. पण चालवत या. ट्रेलरवरून उतरवायची असेल, तर मागच्या गेटजवळ जागा आहे, पुढचं पार्किंग चालणाऱ्या गाड्यांना लागेल.