उन्हाळ्यात वडीलधाऱ्यांना जपा



१९६० च्या ‘कॅरोल’ वादळानंतर आपल्या मॉरिशसमध्ये सिमेंटची पक्की घरे वाढली. वादळाची भीती कमी झाली; पण जानेवारी-फेब्रुवारीत हेच छत दिवसभर तापते आणि रात्री घरात उष्णता सोडते. हवा दमट, म्हणून घाम वाळत नाही, अंग निवत नाही. त्यातून म्हातारपणी तहानही कमी लागते. म्हणून आजी-आजोबांना तापलेल्या छताखाली झोपवू नये. मागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे. अंग तापून ती बरळू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. अंगावर पाणी घालावे, वारा घालावा व ताबडतोब इस्पितळात न्यावे. वादळात आपण शेजाऱ्याची विचारपूस करतो. उन्हाळ्यातही ती केलीच पाहिजे.